बोटीच्या पोटात मूठभर ज्वारी

मंडळी, आज मेडशीजवळच्या तलावात आमची जुनी फायबरची बोट पुन्हा उतरली. रफिक मिस्त्री अन् मी तिची तळाची फळी नवी बसवली, अन् फळीखाली जाळं ठेवाले झाकणवाला कप्पा केला.

आईनं झाकण उचलून पाह्यलं. “हे तं धान्याचं पेव व्हय! रिकामं कायले ठेवता?” म्हणत तिनं मूठभर ज्वारी आत टाकली.

तलावात चक्कर मारून आलो. मी झाकण उघडाले वाकलो. पाणी शिरलं असन तं सारी मेहनत गेली!

ज्वारी खडखडीत कोरडी! रफिकभाईनं मले मिठीच मारली.

आई मात्र घरी जाऊन तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन आली. “घरात उंदरं लय झाले. इथं बरं राहीन.”

आता तुमीच सांगा, जाळं कुठं ठेवू?