शाल घेऊ नका!

माझा गुडघा गेला तो सरावात, तोही घरच्याच मैदानावर, आमच्याच गड्यांनी पाय धरल्यामुळे. डॉक्टर म्हणाले, "आता कबड्डी टीव्हीवर बघायची." वीस वर्षं तिसगावकडून चढाया केल्या, पण शाल-नारळ काही नशिबात आला नव्हता. मग ठरवलं, जायचं तर वाजतगाजत जायचं. आमच्या भागातल्या कबड्डी लीगच्या लिलावाला, भर मंडपात निवृत्ती जाहीर करायची.

हा लिलाव पॉइंटांवर चालतो. प्रत्येक संघाला दहा हजार पॉइंट, त्यातच सगळे खेळाडू बसवायचे. तिसगावनं मला दोन हंगामांसाठी चार हजारांना घेतलेलं आणि दुसरा हंगाम अजून व्हायचा होता. नियमांचा कागद कमिटीनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी अंगठा दाखवला. उघडला मात्र एकानंही नाही.

लिलावाच्या दिवशी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसलो. आमच्या कॅप्टनचा डोळा घोडेगावच्या एका चढाईपटूवर होता. बाजारात बैलाचे दात बघावेत तसे तो त्याचे गुडघे बघून आला होता. एवढ्यात माइकवरून निवृत्तीच्या सत्कारासाठी माझं नाव पुकारलं. मी लंगडत स्टेजवर चढलो. अध्यक्षांनी शालीची घडी मोडली आणि बायकांच्या खुर्च्यांमधून आवाज आला,

"अहो, शाल घेऊ नका!"

माझी बायको! ती शाळेत शिकवते, औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचते. मोबाईलवर कमिटीचा तोच कागद उघडून तिनं नियम खणखणीत वाचला: खेळाडू मध्येच निवृत्त झाला तर त्याचे पॉइंट बुडाले. डॉक्टरच्या चिठ्ठीनं जखमी ठरला तर त्याच्या जागी तेवढ्याच पॉइंटांत दुसरा घेता येईल.

कॅप्टन खुर्चीवर चढून ओरडला, "दादा, खाली या! तुमी निवृत्त न्हाई, तुमी जखमी हाय!"

शाल हातभर अंतरावर होती. खरं सांगतो, मला रडू येत होतं आणि रागही. वीस वर्षांत एकदाच जमून आलं होतं. पण चार हजार बुडाले तर यंदा चढाईला कोण जाणार? मी माइक ओढला. "मी निवृत्त न्हाई. गुडघा लई दुखतोय, येवढंच!"

मंडप शिट्ट्यांनी दणाणला. अध्यक्ष बिचारे शालीची पुन्हा घडी घालत बसले.

मग घोडेगावच्या गड्याची बोली लागली. तीन हजार, साडेतीन! पाथर्डीवाले एकोणचाळीसशेपर्यंत आले आणि तिथं त्यांचे पॉइंट संपले. कॅप्टन गरजला, "चार हजार!" गडी आमचा झाला. मी गुडघा विसरून उडी मारली आणि कळवळून खाली बसलो.

"आता चिठ्ठी नक्की मिळेल," बायको म्हणाली.

पहिल्या सामन्याला मी तिच्याशेजारी बाकावर होतो. निवेदकानं संघाची यादी वाचली. घोडेगावच्या गड्याला टाळ्या पडल्या. सगळ्यात शेवटी माझं नाव आलं: "नंबर सात, जखमी." त्यावर अख्खं मैदान टाळ्या वाजवत राहिलं. निवृत्त झालो असतो तर यादीत नावच नसतं, हे मला तेव्हा कुठं उमगलं.

बायकोनं कोपरानं ढोसलं. "उठा की, तुम्हालाच आहेत त्या."

मी काठी टेकली आणि उभा राहिलो.