अक्काच्या भट्टीचा खरा इतिहास

खानदेशातल्या तमाम लहानथोरांस, गिरणाकाठी राहिलेल्यांस आणि पोटामागे धुळे, जळगाव, मुंबई, जिकडे वाट फुटली तिकडे निघून गेलेल्यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या अक्काच्या भट्टीच्या स्फोटाची जी हकिकत मी गेली सात वर्षे लग्नाच्या मांडवांत, कचेरीच्या व्हरांड्यात आणि चहाच्या दुकानांत हावभावांसह सांगत आलो, ती खोटी आहे. खरी खाली देत आहे. ज्यांनी पोट धरधरून हसून घेतले त्यांच्याकडून हसू परत मागितले जाणार नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन पावसाळे उलटले होते. मला धुळ्याच्या एका कचेरीत कारकुनी लागली आणि भडगावाजवळचं आमचं गाव मी सोडलं. निघालो तेव्हा बैलगाडीत तिघं होतो. मी, माझी थोरली बहीण अक्का आणि गोधडीत गुंडाळलेली, चहूबाजूंनी कडबा खोचलेली तिची भट्टी. आई लहानपणीच गेलेली. वडील, म्हणजे आबा, ओट्यावरून उठलेही नाहीत. बसल्या जागेवरून एवढंच म्हणाले, "जो गाव सोडस, त्याले गाव बी सोडस." हे मला म्हणाले. अक्काला काहीच म्हणाले नाहीत. तिला माझ्याबरोबर का धाडलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं असं की पोऱ्याला दोन वेळच्या भाकरी कोण थापून देईल. खरं असं की विधवा लेक दारात दिसली की आबांचं डोकं फिरायचं.

आता ही भट्टी काय चीज होती ते सांगतो. अक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. सासऱ्याने तिला माहेरी परत धाडली तेव्हा गाडीत तिच्यासोबत एक तोंड फुटलेला रांजण ठेवून दिला. घरातला तिचा वाटा, म्हणे. आमच्या दारात गाडी थांबली, आबांनी आधी रांजणाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि म्हणाले, दोन्ही फुटकेच धाडले. शेजारीपाजारी हसले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. मीही हसलो. विनोद चांगला होता.

अक्काने त्या रांजणाची फुटकी कड दगडावर घासघासून सपाट केली. बुडाजवळ खिळ्याने टोकरत टोकरत वाऱ्यासाठी भोक पाडलं. आतून पांढरी माती, घोड्याची लीद, मीठ आणि शेळीचे केस एकत्र तुडवून बोटभर जाड लेप दिला. मधे लोखंडी सळया आडव्या टाकल्या, वरून झाकायला जुनं घमेलं. खाली बाभळीचे निखारे, त्यावर मूठभर कपाशीच्या काड्या धुरासाठी, आणि सळयांवर तेल चोळलेली हिरवी भरताची वांगी. शेतात उघड्यावर काड्यांच्या जाळात भाजलेलं वांगं अर्धं जळतं, अर्धं कच्चं राहतं. अक्काच्या भट्टीतलं वांगं देठापर्यंत सारखं शिजायचं, आणि साल हाताने अंगरखा काढावा तशी निघायची. मग लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचलेलं ते भरीत आणि कळण्याची भाकरी. या बाईचं जगात दुसरं काहीही नव्हतं. अंगावरचं लुगडंसुद्धा भावाने घेतलेलं.

चाळीसगावला आगगाडी बदलल्यावर डब्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं, गोधडीत काय आहे. मी म्हणालो, नवरी आहे, सासरी चाललीय, आणि ही तिची पाठराखीण. अख्खा डबा हसला. अक्काने भट्टीवरची गोधडी नीट केली.

धुळ्यात पांझरेच्या अलीकडे एका चाळीत दोन खोल्या मिळाल्या, मागे सामाईक अंगण. पहिल्या हिवाळ्यातच त्या अंगणात अक्काचं राज्य सुरू झालं. कोणी वांगी आणून द्यायचं, कोणी शेंगा, कोणी रताळी. मला चाळीत कोणी नावाने ओळखत नव्हतं, मी भट्टीवाल्या अक्काचा भाऊ होतो. हे मला फार लागायचं. मी कचेरीतला माणूस, शुद्ध मराठी बोलणारा, हौशी नाटकमंडळीत मुकुट घालणारा. आणि घरी आलो की ही बाई गावच्या बोलीत अंगणभर हाक मारणार, "भाऊ, वांगं खाई ले, सेकं शे तवलग." मी तिला शंभरदा सांगितलं की गरम म्हण. ती म्हणायची, बरं. आणि पुन्हा सेकं.

भट्टीचा एकच नियम होता आणि तो तिने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. विस्तव आपल्या मरणाने मरू द्यायचा. घमेलं झाकायचं आणि निघून जायचं. पाणी दाखवायचं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. एका बुधवारी जळगावच्या नानांचं पत्र आलं. नाना म्हणजे डाळीचे व्यापारी, त्यांची मुलगी मला सांगून आली होती. येत्या रविवारी मुलाचं घर बघायला येतो, तुमच्या भट्टीच्या भरताची फार कीर्ती ऐकली आहे, तेवढं मात्र हवं, असं त्यात होतं. कीर्ती मीच माझ्या पत्रातून कळवली होती. त्या संध्याकाळी मी इतका खुशीत होतो की अक्का कीर्तनाला गेलेली असताना स्वतःच भट्टी पेटवून शेंगा भाजत बसलो. तेवढ्यात तालमीचं बोलावणं आलं. निखारे धगधगत होते. उघडं टाकून जावं तर चाळ पेटायची. घमेलं शोधायला वेळ नव्हता, ते माझ्याच पाठीमागे होतं. मी घागर उचलली आणि ओतली. चर्र झालं, वाफेचा लोट उठला, आणि त्यातून बोट मोडावं तसा टक् असा आवाज आला. काठापासून भोकापर्यंत केसाएवढी रेघ. मी भट्टीची ती बाजू भिंतीकडे फिरवली आणि तालमीला गेलो. नाटकात मला एका सत्यवचनी राजाचं काम होतं. त्या दिवशी ते फारच उत्तम वठलं, असं दिग्दर्शक म्हणाले.

सकाळी अक्काला रेघ दिसली. मी दात घासत होतो. म्हणालो, काल झाडताना तुझाच धक्का लागला असेल, तुला कुठे भान असतं. तिने आत हात घातला, पाण्याने घट्ट झालेलं राखेचं एक ढेकूळ बाहेर काढलं, बोटांत चुरडलं आणि सुपात टाकलं. मग म्हणाली, तडा कोरून रुंद करायला हवा. टांगा-अड्ड्यावरून लीद आण, मी माती तुडवते. आठ दिवस सावलीत वाळली की तीन दिवस बारीक जाळ, मग पुन्हा होती तशी.

आठ आणि तीन अकरा. नाना तीन दिवसांवर आलेले. शिवाय कचेरीतला माणूस टांग्यामागे लीद गोळा करत फिरतोय, हे दृश्य भावी सासऱ्याच्या कानावर गेलं तर? आमच्या कचेरीची भिंत दुरुस्त होत होती. मी गवंड्याकडून पिशवीभर सिमेंट आणलं आणि चाळीतल्या बायाबाप्यांसमोर अंगणात उभा राहून भाषण दिलं. लिदीचे दिवस गेले, म्हणालो. स्वतंत्र देशात नद्या अडवतायत ती धरणं काय शेळीच्या केसांनी बांधतायत? मी सिमेंट कालवलं, तडा बुजवला, वरून तारेचे वेढे दिले आणि करणी पुसली. अक्का भाकरीचं पीठ मळत सगळं बघत होती. मान वर न करता म्हणाली, "धरणमा कोन इस्तो पेटाडस?"

धरणात विस्तव कोण पेटवतो? चाळ हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, म्हातारे खोकेपर्यंत हसले, दोन दिवस मी नळावर गेलो की कोणीतरी ते वाक्य म्हणायचं. लोकांना हसवणं माझा प्रांत. माझ्यावर कोणी हसलेलं मला आजवर खपलेलं नाही. पुढे जे झालं ते सिमेंटाने झालं असं लोक म्हणतील. मला विचाराल तर त्या हसण्याने झालं.

रविवारी नाना आले. पांढरा शुभ्र लांब कोट, पांढरं धोतर, सोन्याची बटणं. अक्काने सकाळी हळूच सांगून पाहिलं की आत अजून ओल आहे, आज चुलीवर भाजू. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. तिने भट्टी पेटवली. नाना खुर्ची ओढून अगदी जवळ बसले, चाळ गोल करून उभी राहिली. सहा वांगी सळयांवर चढली. मी नानांना निखाऱ्याचा रंग, धुराचा वास वगैरे समजावून सांगत होतो. तेवढ्यात भट्टीच्या पोटातून कोणीतरी कुरकुरल्यासारखा आवाज आला. पुढचं सगळं एका क्षणात. सिमेंटाचा ढलपा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला, त्याने वाटेतलं सर्वांत शिजलेलं वांगं फोडलं, आणि उकळता गर नानांच्या कोटावर, मिशीवर आणि डाव्या कानात गेला. नाना खुर्चीसह मागे पडले. भट्टी पाणचट कलिंगडासारखी दोन भकलं होऊन उघडी पडली.

नाना उठले. कान पुसत त्यांनी विचारलं, हे कोणी केलं?

अंगणात तीसेक माणसं होती. माझं भाषण त्यांतल्या प्रत्येकाने ऐकलेलं. मी हात वर केला आणि अक्काकडे दाखवलं. आमची अक्का, म्हणालो, खेडवळ आहे, तिनेच फोडली, तिनेच सिमेंट लावलं, ऐकत नाही कोणाचं. चाळीतलं एक माणूस बोललं नाही. जमत आलेलं लग्न मोडणं हे आपल्याकडे मोठं पाप, आणि अक्का काय, ती सगळ्यांच्याच घरची होती, म्हणजे कोणाच्याच नव्हती. अक्का खाली वाकून निखारे चिमट्याने गोळा करत होती, कोणाच्या पायाला लागू नयेत म्हणून.

नाना म्हणाले, अशा बाईच्या हातून दुसरं काय होणार.

आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मुलगा पसंत होता, नोकरी पसंत होती. फक्त मुलगी घरात येईल तेव्हा बहीण तिथे नसावी. मी ते पत्र अक्काला वाचून दाखवलं. मोठ्याने, नीट, शेवटपर्यंत. मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, भट्टीची भकलं नेऊ का? ती नेऊ दिली. त्याच गोधडीत, तसाच कडबा खोचून. स्टेशनवर मी तिला डब्यात बसवलं आणि गाडी हलायच्या आधीच निघालो, कारण संध्याकाळी नाटकाचा प्रयोग होता. गावी ती पोचली तेव्हा आबा काय म्हणाले ते मला नंतर कळलं. म्हणाले, गेल्या खेपेला एक रांजण आणला होता, या खेपेला दोन आणले.

तर ही ती हकिकत. सांगताना मी थोडा बदल करायचो. सिमेंट अक्का कालवायची, धरणाचं भाषण अक्का ठोकायची, तिच्याच बोलीत, आणि विस्तवाचं ते शहाणपणाचं वाक्य मी टाकायचो. लोक लोळायचे. माझ्या लग्नाच्या पंगतीतही मी ती सांगितली. पुढे पुढे नाना स्वतः फर्माइश करू लागले. कानात वांगं जायची जागा आली की ते उठून उभे राहत.

धुळ्यात माझं बस्तान चांगलं बसलं. घरात रॉकेलचा स्टो आला, अॅल्युमिनियमची भांडी आली, दोन मुलं झाली. बायको वांगी स्टोवर भाजते, त्यांना रॉकेलचा वास येतो. मी ती खातो. गाव सोडलेल्या माणसांनो, तुम्हालाही हे माहीत असेल. आपण ज्याला घर घर म्हणतो ते नळ, स्टो आणि भिंतीवरचं कॅलेंडर असतं. आणि ज्याला गावाकडचं म्हणून हिणवतो, त्याच्या वासाने एखाद्या थंड संध्याकाळी कचेरीतून परतताना पाय अडखळतात. पण आठवण आली म्हणून माणूस सुधारतो असं नाही. मला अक्काची खरी गरज लागली ती बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा. घरात हात कमी पडू लागले. नानाही म्हणाले, आता यायला हरकत नाही, पोरं झालीत.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी बायको आणि नाना यांना घेऊन गावी गेलो. भरताचा बेत ठरला. मळ्यात सारा गाव जमला, आबांना बाजेसकट उचलून आणलं. आणि मधोमध भट्टी होती. तीच. सांध्यावर हाताएवढा रुंद मातीचा पट्टा, सात वर्षांच्या धुराने काळा पडलेला, बाहेरून तारेचे वेढे. अक्काने लीद, मीठ, शेळीचे केस, सगळं आपल्या पद्धतीने करून, आठ आणि तीन अकरा दिवस वाट पाहून ती जोडली होती. आमच्याच भट्टीतलं भरीत खायला बाजूच्या गावांतून माणसं यायची, असं मला तिथे समजलं. अक्काचे केस पिकले होते. वांग्याची साल ती अजून तशीच एका हाताने काढायची.

जेवणं झाल्यावर नानांनी फर्माइश केली. मी उठलो. त्या दिवशी मी कमाल केली. अक्काचा आवाज काढला, अक्काची चाल केली, सिमेंट कालवलं, नाना खुर्चीवरून पडून दाखवायला पुढे आले, हसता हसता आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का भट्टीपाशी बसून निखाऱ्यांवर घमेलं झाकत होती. टाळ्या चालू असतानाच मी हात पसरून, नाटकात राजा क्षमा करतो तसा म्हणालो की अक्का, झालं गेलं गंगेला मिळालं, माझ्या मनात काही नाही, तू धुळ्याला चल, येताना तुझी भट्टीही घे.

अक्काने घमेल्यावरचा हात उचलला नाही. बायकोसमोर, नानांसमोर, आबांसमोर, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"भट्टी तू लई जा, भाऊ. पन निखारासवर पाणी नको टाकजो."