सहा महिन्यांचा शेजारी

मी इंदूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा त्याला वेगळा विभागही नव्हता. तत्त्वज्ञानाच्या खोलीत एक टेबल, एक कपाट आणि मी. माणूस स्वतःला कोण समजतो, यावर मला प्रबंध लिहायचा होता. बरोबरचे प्राध्यापक हसत, "हे तर साधूंचं काम!"

छत्रीबागेत माझी एक खोली होती. लग्न केलं नव्हतं. भिंतीपलीकडे सचिवालयातले एक मराठी कारकून बायको-मुलीसह राहत. मध्यभारत राज्याची राजधानी तेव्हा उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फायली पेट्यांत भरून निघत आणि त्यांच्यामागून हेही, एकटेच. ते इथे असले की संध्याकाळी आम्ही ओट्यावर गप्पा मारत बसायचो. ते गेले की वर्गाबाहेर माझं दिवसेंदिवस कुणाशी बोलणं होत नसे.

दर वेळी ते जाण्याआधी आणि आल्यावर प्रबंधासाठी मी त्यांना कोरा कागद देई. 'मी कोण?' यावर दहा वाक्यं लिहायची. पहिल्या वर्षी त्यांनी झरझर लिहिलं. मी इंदूरचा. मी संस्थानच्या नोकराचा मुलगा. मी हिशेबात पक्का. पुढे वाक्यं कमी होत गेली. एकदा म्हणाले, "प्रोफेसरजी, तिकडे मला इंदौरवाले म्हणतात. इथे आलो की ऑफिसात म्हणतात, आ गए ग्वालियरवाले? अब क्या लिखूँ, तुम्हीच सांगा."

मला आनंदच झाला. हेच तर हवं होतं. मी ते शब्द टिपून घेतले.

मग मध्यभारतच संपून नव्या मध्य प्रदेशात जायचं ठरलं. ऑफिस कायमचं भोपाळला जाणार होतं. एका दुपारी ते येऊन खुर्चीत बसले. "मुलगी यायला तयार नाही. बायको सारखी रडतेय. मला काही सुचत नाही."

"आत्ता जे वाटतंय ना, ते लिहाल का?" मी म्हणालो आणि कागद पुढे सरकवला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दहा व्हायलाच पाहिजेत?"

"जमतील तेवढी."

तीन लिहिली आणि उठून गेले. पंधरवड्याने सगळे भोपाळच्या गाडीत बसले. स्टेशनवर मी म्हणालो, "पत्र लिहा." ते "हो जी" म्हणाले. पत्र आलं नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी नेमकं या शेजाऱ्यावरचं प्रकरण वाखाणलं. मग चष्मा काढून विचारलं, "हा माणूस आता कसा आहे?"

"माहीत नाही, सर."

ते पुढच्या पानाकडे वळले.

डॉक्टरेट मिळाली. कॉलेजात पेढे वाटून मी घरी आलो आणि भोपाळच्या सचिवालयाच्या पत्त्यावर त्यांना कार्ड टाकलं. प्रबंधाचा उल्लेख केला नाही. मुलीची शाळा कशी आहे, एवढंच विचारलं. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं. त्याचं महिन्याने आलं, मुलीच्या अक्षरात: "बाबा ठीक आहेत. त्यांना लिहायचा कंटाळा येतो. मला इथे एक सहेली मिळाली."