फौजदार सरांचं लांबलचक वाक्य

आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या सरांना विद्यार्थी ‘फौजदार’ म्हणतात, कारण निबंधातली चोरी ते संगणकाशिवाय पकडतात. त्यांची पद्धत साधी आहे. संशयिताला समोर बसवायचं, त्याच्याच निबंधातलं एक वाक्य वाचून दाखवायचं आणि अर्थ विचारायचा. अर्थ सांगता आला नाही, तर ते वाक्य त्याचं नाही आणि निबंध नापास. या पद्धतीपुढे भलेभले गारद झालेत.

परवा शेवटच्या वर्षाची एक मुलगी समोर बसली होती. या निबंधात नापास झाली असती, तर तिचं वर्षच गेलं असतं. सरांनी चष्मा पुसला आणि तिच्या निबंधातलं पाऊण पानभर पसरलेलं एक वाक्य धापा टाकत वाचलं.

“काय गं, अर्थ काय याचा?”

“नाही कळला, सर. म्हणूनच जसंच्या तसं उतरवलं.”

“कुठून?”

“तुमच्याच पुस्तकातून.”

सरांनी आपलं वाक्य ओळखलं नव्हतं, पण हे ऐकून ते एकदम फुलले. इतक्या वर्षांत त्या पुस्तकाला भेटलेली ही पहिलीच वाचक.

“अगं वेडे, सोपं आहे. म्हणजे बघ...”

मग त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. खिडकीबाहेर पाहिलं. पान उलटं धरूनही पाहिलं.

“सर, तुमच्या नियमाने हे वाक्य तुमचंही नाही मग,” मुलगी हळूच म्हणाली.

सरांनी घाम टिपला. “नापास नाही करत. उद्या स्वतःच्या शब्दांत लिहून आण.”

“आणि तुम्ही, सर?”

“मला सोमवारपर्यंत मुदत दे.”