‘माहीत नाही’मध्ये गेलेली मुलं

बहात्तरच्या दुष्काळात मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात कारकून होतो. हगवणीनं तान्ही मुलं दगावत होती आणि मृत्यूच्या नोंदी माझ्याकडे यायच्या. वहीत जातीचा रकाना होता. माझ्या आधीच्या कारकुनानं तो आडनावावरून अंदाजानं भरला होता. अंदाज चालला नाही तिथं ‘माहीत नाही’.

जिल्ह्याला तक्ता पाठवायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, "माहीत नाही ती नावं वगळा. बाकी सगळ्या जातींत मरण सारखंच दिसतंय."

मी पानं चाळली. वगळायची बहुतेक मुलं गावाबाहेरच्या एकाच वस्तीतली होती. माझं डोकंच फिरलं. तीच काढून टाकल्यावर मरण सारखं दिसणार नाही तर काय! आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कारकुनीतलं. आमच्या नावापुढचा जातीचा रकाना कधी कुणी मोकळा सोडला नव्हता.

केंद्रातल्या नर्सबाईंना घेऊन वस्तीवर गेलो. नुकतंच लेकरू गेलेली एक बाई दारात बसली होती. मी तिला जात विचारली.

"कंची सांगू?" ती म्हणाली. "चर्चच्या वहीत ख्रिस्ती, शाळंच्या दाखल्यावर महार. तुमच्या वहीत काय हाय?"

"माहीत नाही, असं लिहिलंय."

"हिरीवर गेलं की समदे लांबूनच वळखत्यात. मेल्यावरच कसं माहीत न्हाई? जात नका इचारू. पानी कुठून आनता, ते इचारा."

तसंच केलं. आम्ही दोघं वस्तीत आणि गावात घरोघर हिंडलो. नुसती मरणंच नाही, जन्मही पाण्याच्या जागेप्रमाणे मांडले. नाहीतर वस्ती मोठी म्हणून मरणं जास्त, असं कुणीही म्हटलं असतं. ओढ्यात खोदलेल्या झिऱ्याचं पाणी पिणाऱ्या घरांतली मुलं विहिरीवरच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त गेली होती.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "हा रकाना छापील नमुन्यात आहे?"

"नाही."

"मग कुणी सांगितला?"

"जिचं मूल गेलं, तिनं."

त्यांनी त्यावर काट मारली. मी दुसरी प्रत माझ्या सहीनं जिल्ह्याला धाडली. उत्तर म्हणून मला खुलासा मागणारा मेमो आला. पुढं वस्तीवर टँकर सुरू झाला. माझ्या तक्त्यामुळे की नाही, कोण जाणे.

छापील अहवाल आला तेव्हा आकडे जुनेच होते. तळाला बारीक अक्षरांत होतं, ‘अपूर्ण नोंदी वगळल्या आहेत.’

नर्सबाईंनी ते दोनदा वाचलं. "अपूर्ण?" त्यांचा आवाज चढला. "त्यातल्या कितीतरी पोरांची नाळ मी माझ्या हातानं कापली आहे!"