बाबा नक्को

आधी चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, पुन्हा डोळ्यांवर चढवायचा आणि मग म्हणायचं, "सोचके सांगतो, ताई." आमच्या खालच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना काहीही विचारा, एवढं सगळं झाल्याशिवाय पुढे सरकत नसे. आणि पुढे तरी कुठे सरकायचं? इमारतीला रंग कोणता द्यायचा, हे ते अजून 'सोचत' होते तेव्हा रंगारी रंग देऊन, बांबू सोडवून निघून गेले होते.

ते मूळचे नांदेडकडचे. आबिड्सला विमा कचेरीत नोकरीला लागून इतकी वर्षं झाली होती, की आपल्या मराठीत इथली दखनी बोली कुठून सुरू होते हे त्यांनाही कळत नसे. मी पुण्याहून आलेली, घरून कॉम्प्युटरवर काम करणारी. बरकतपुऱ्यातल्या त्या इमारतीत मराठी घरं आमची दोनच, त्यामुळे वाटीभर आमटी खाली जायची आणि त्यांच्याकडची शेंगदाण्याची चटणी वर यायची.

एकदा ते बेगम बाजारात कुकर घ्यायला गेले. दुपारभर हिंडून अर्धा किलो खजूर घेऊन परतले. त्यांची बायको शाळेत शिकवायची. ती हसत म्हणाली, "ह्यांनी लग्नाला होकार दिला ना ताई, तोवर माझ्या वडिलांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं." तेही हसले. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. आपण त्यांची थट्टा करतो, आणि मनातून आपल्याला वाटतं की यांच्या हातून कुणाचं वाईटही होणार नाही.

त्यांची मुलगी प्रज्ञा उशिरा चालायला लागली. चालायची ती झुलत, एका पायाच्या चवड्यावर. आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुक. "बदक आलं, बदक आलं" म्हणून आम्ही टाळ्या वाजवायचो. तिच्या आईला मात्र तेल लावताना एक पाय आखूड वाटला. दवाखान्यात फोटो काढला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत बसलेलाच नव्हता, जन्मापासून. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, मग छातीपासून खाली प्लास्टर. जितका उशीर कराल तितकं अवघड होत जाईल.

चष्मा निघाला. "सोचके सांगतो, डॉक्टरसाब."

"सोचा, पण फार नका सोचू," डॉक्टर म्हणाले.

मग ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, तिसऱ्यांकडे गेले. सगळ्यांनी तेच सांगितलं. गावाहून त्यांच्या आईचा फोन आला. "तुझ्या आत्याला बी हेच होतं. जलमभर लंगडली. अडलं का तिचं काही? एवढ्याशा लेकराला कापायला निघालास?" फोन ठेवून ते वर माझ्याकडे आले. चहा पुढे केला, तो तसाच गार झाला.

"ताई, तुम्ही काय केलं असतं?"

"ऑपरेशन," मी म्हटलं.

"तुमची नाही ना ती," ते म्हणाले. टोचून नाही; ही गोष्टही हिशेबात धरायला हवी, अशा सुरात.

त्या शनिवारी ते एकटेच गावी गेले. आम्हाला वाटलं, आईची समजूत घालायला. परतल्यावर त्यांनी दारातूनच सांगितलं, "ऑपरेशन करायचं." चष्मा जागेवरच होता. त्यांच्या तोंडून एखादं वाक्य असं पूर्ण झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ते आत्याला भेटायला गेले होते. अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिला विचारलं, "आत्या, तुला त्रास होतो का गं पायाचा?" तिने हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "रोज दुखतो. पण हे मला आजवर कुणी इचारलंच न्हाई रे."

ऑपरेशनच्या दिवशी माझ्या गाडीतून गेलो. भूल देईपर्यंत आई-वडिलांपैकी एकाला आत थांबता येणार होतं. प्रज्ञाची आई, आमच्या वहिनी, दारातूनच मागे फिरल्या, म्हणून ते गेले. हिरवा झगा, डोक्यावर फुग्यासारखी टोपी. ती टोपी बघून प्रज्ञा खुदुखुदु हसली. त्यांच्या कडेवर बसून, आमच्याकडे हात हलवत ती आत गेली.

थोड्या वेळाने ते एकटे बाहेर आले. टोपी काढायचं त्यांना सुचलं नाही. बाकावर माझ्या शेजारी बसले आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"भुलीचा मास्क तोंडावर आणला तर म्हणाली, 'बाबा, नक्को.' मी हात धरून ठेवले तिचे. माझ्या हातातच सैल पडली हो, ताई."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आलेली प्रज्ञा छातीपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये होती, पाय फाकलेले, मध्ये आडवी काठी. ती आईला बिलगली. माझं बोट धरलं. नर्सच्या हातून पाणीसुद्धा प्यायली. ते पुढे झाले तशी तिने तोंड फिरवलं. "बाबा नक्को."

घरी आल्यावरही तेच. त्यांनी रजा काढली होती; दिवसभर तिचं सगळं तेच करायचे, आणि त्यांचा हात लागला की ती किंचाळायची. म्हणून ते तिच्या झोपेत कामं उरकायचे. कूस बदलायची, प्लास्टरच्या कडा कोरड्या करायच्या, लंगोट अलगद आत सरकवायचा. ती जागी असली की दाराच्या उंबऱ्याशी बसून राहायचे. खोलीत यायचे नाहीत. भरवायला मी किंवा समोरच्या तेलुगू आजी जायचो.

"अहो, समजावून सांगा ना तिला," वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या.

"काय सांगू? धरून तर मीच ठेवलं होतं. रागावू दे. हक्क आहे तिचा."

एका दुपारी मी तिला वरणभात भरवत होते. प्लास्टरच्या आत खाज सुटली आणि ती रडायला लागली. आत काही घालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी फुंकर मारली, खुळखुळा वाजवला, काही उपयोग झाला नाही. उंबऱ्यावरून आवाज आला, "वरून ठोका, ताई. जिथं खाजतं तिथं." मी ठोकलं. माझं ठोकणं तिला पसंत पडलं नाही. तिने माझा हात बाजूला केला, उंबऱ्याकडे पाहिलं आणि रडतरडतच म्हणाली, "बाबा, तू."

ते रांगतच आले. उठायलाही वेळ घेतला नाही. बोटांच्या पेरांनी त्यांनी तिच्या पोटावरचं प्लास्टर ठोकलं, हळू, मग जोरात, मग ताल धरून. रडणं थांबलं. ती हसायला लागली तशी मी भाताचं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे मला उगाचच बराच वेळ लागला.

पण गोष्ट इथे संपली नाही. काही आठवड्यांनी प्लास्टर बदलायचं होतं, त्यासाठी पुन्हा भूल. आता ती दिवसभर त्यांच्याच मांडीवर असायची. वहिनी म्हणाल्या, "या वेळी मी जाते आत. तुम्ही पुन्हा वाईट व्हायला नको."

"नक्को," ते लगेच म्हणाले. "तुझ्यावर रुसली तर जाईल कुणाकडं?"

या वेळी टोपीची गंमत केली नाही. दारापाशी थांबून त्यांनी तिला सांगितलं, "आत झोपवणार आहेत. मीच धरणार आहे तुला. मग उठशील. रागव हवं तर." तिला किती कळलं कोण जाणे. गंभीर चेहऱ्याने ती त्यांच्या गळ्यात हात टाकून आत गेली.

शुद्धीवर येताच तिने समोर बापाला पाहिलं आणि मूठ वळून त्यांच्या गालावर मारली. एकदा, दोनदा. चष्मा वाकडा झाला. पण दुसऱ्या हाताने तिने त्यांची कॉलर धरली होती, ती काही सोडली नाही. कॉलरवरची मूठ आपोआप सैल होईपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून काडीसारखे पाय बाहेर आले, कातडीचे पापुद्रे निघत होते. मग पट्टे, मग व्यायाम, मग पुन्हा रांगणं. ती दुसऱ्यांदा चालायला शिकली, आणि या वेळी झुलली नाही. पहिला फोन त्यांनी आत्याला लावला. आत्या पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ते मात्र सारखं "हौ, हौ" म्हणत होते.

पुढच्या वर्षी त्यांची वरंगलला बदली झाली. आता खालच्या घरात नोकरी करणारी चार मुलं राहतात. भेटली की नमस्ते म्हणतात, तेवढंच. कधी खाली उतरताना मला प्रज्ञाच्या घरचे निघाले ती सकाळ आठवते. सामान ट्रकमध्ये चढलं होतं, वहिनी हाका मारत होत्या. निरोप घ्यायला वर आलेल्या प्रज्ञाने माझा हात झिडकारला आणि एकटीच जिना उतरायला लागली. ते तिच्या एक पायरी खाली होते, तोंड तिच्याकडे. दोन्ही हात पसरून, तिला कुठेही न लावता, ते उलटे उतरत होते.