नक्की का?

काकांनी मला अमेरिकेत, नोव्हायमधल्या गाड्यांच्या लॅबमध्ये चिकटवलं, हे मी नाकारत नाही. ते ग्रुपचे हेड होते आणि ग्रीन कार्डचे माझे कागद त्यांच्या सहीने पुढे जायचे होते. नवरा अजून शिकत होता, म्हणजे आम्हा दोघांचंही इथे राहणं त्या सहीवर अवलंबून. त्यामुळे दिवाळीत काकूंच्या करंज्या वळायला मी न बोलावता जायची.

लॅबमध्ये ब्रेकच्या चाचण्यांचे आकडे युनिक्सच्या मशीनवर ठेवत. तिथली फाइल पुसायची कमांड, आरएम, मोठी निर्दय. सांगितलं की पुसून मोकळी, परत मिळणं नाही. मी त्याच नावाचं एक छोटं शेल फंक्शन लिहिलं, म्हणजे आरएम टाइप केलं की खऱ्या कमांडऐवजी तेच चालायचं. ते आधी रोमन अक्षरांत ‘नक्की का?’ विचारायचं, आणि ‘हो’ म्हटलं तरी फाइल न पुसता एका कोपऱ्यातल्या डिरेक्टरीत नेऊन ठेवायचं. गंमत म्हणून मराठी ठेवलं, तर सगळी लॅब ‘हो’ टाइप करायला शिकली. पुढे पुढे तर प्रश्न न वाचताच. काका सगळ्यांत बेफिकीर. काहीही उडवायचे आणि मग हाक मारायचे, “अगं, जरा ते रिकव्हर करून दे ना.”

नवीन मशीन आलं तेव्हा मी त्यांना बजावलं, “काका, यावर माझं फंक्शन अजून टाकलेलं नाही. इथली आरएम खरी आहे.”

“हो गं, आय नो.”

त्याच आठवड्यात काकांनी जागा मोकळी करायला म्हणून एक डिरेक्टरी पुसली. तीत अख्ख्या हिवाळ्याच्या चाचण्या होत्या आणि त्या मशीनचा बॅकअप अजून सुरू व्हायचा होता.

मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. मला वाटलं, काका सांभाळून घेतील. काका इंग्रजीत म्हणाले, हिने सिस्टीमच्या कमांडमध्ये ढवळाढवळ केली, त्यातून हे झालं. मॅनेजर चांगला माणूस होता. त्याने विचारलं, “तुझी खात्री आहे?”

“येस,” काका म्हणाले. एक क्षणही थांबले नाहीत. मी तोंड उघडलं, तर मॅनेजरने हात वर करून मला थांबवलं.

माझे कागद गेलेच नाहीत. व्हिसा संपला तसं आम्ही सामान बांधलं. काकूंनी चिवड्याचा डबा पाठवला होता, तो मी विमानतळावरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे तिथल्याच एकाकडून कळलं, आम्ही निघालो त्याच महिन्यात काकांनी माझं फंक्शन नव्या मशीनवर टाकून घेतलं. तिथे आता साधी फाइल पुसायची तरी आधी ‘नक्की का?’ विचारतात म्हणे.